साक्षीत न सांगितलेलं: नोकरी सोडून धंद्यात पडलेल्या ख्रिस्ती बायकांचे अनुभव

गेल्या महिन्यात उपासनेत मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आयुष्यात काय केलं ते सांगायला, उभं केलं. तीन मिनिटं होती. मी सांगितलं: ११ वर्षं कंपनीत खरेदी विभागात होते, प्रभूने मनात घातलं, नोकरी सोडली, आज लहान मुलांचे कपडे शिवण्याचा माझा स्वतःचा धंदा आहे, चार बायका हाताखाली आहेत. आमेन. खाली बसल्यावर लक्षात आलं, "नोकरी सोडली" आणि "आज" यांच्यामधले १४ महिने मी एका स्वल्पविरामात उरकले होते.

त्या स्वल्पविरामात काय काय होतं! एका मोठ्या ऑर्डरची आगाऊ रक्कम घेतली आणि ती घरात खर्च झाली. कापड आणायची वेळ आली तेव्हा खातं रिकामं. कापडवाल्याने उधार दिलं म्हणून वाचले. त्या रात्री माझ्याच्याने प्रार्थना झाली नाही. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली, एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला काम, आणि बसून महिनाभराचा एकेक खर्च कुठल्या बाजूचा ते लिहीत राहिले. सकाळी धंद्याचं वेगळं खातं उघडलं. ही रेघ मी कुठल्याच साक्षीत सांगितलेली नाही.

म्हणून हा धागा. देवाने चालवलं हे आपण सगळ्याच म्हणतो, मीही म्हणते. पण कुठून, कसं, कोणत्या खड्ड्यातून, ते इथे लिहा. बायबलात प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ मध्ये लुदिया भेटते. मूळची थुवतीराची, जांभळ्या कापडाची विक्री करणारी, पौलाला भेटली ती फिलिप्पैत. तिने पौलाला आग्रहाने घरी ठेवून घेतलं एवढंच आपण सांगतो. परगावी येऊन तिने धंदा कसा बसवला, उधारी कोणी बुडवली, हे लूकने लिहिलेलं नाही. आपण आपलं लिहू. कंपनीचं, चर्चचं, माणसांचं नाव मात्र नको.

आधी ऑडिट, आता छोट्या दुकानांचे हिशेब

ताई, मी एक दिवस नोकरी सोडली असं झालंच नाही. दोन वर्षं सोडत होते.

पाळकसाहेबांकडे गेले तर ते म्हणाले, पेत्राने येशूकडे जायला होडीतून पाण्यावर पाऊल टाकलं तसं टाक. घरी येऊन मत्तय १४ पुन्हा वाचला. पेत्राने आधी विचारलं होतं, आणि "ये" असं ऐकल्यावरच तो उतरला. मला "ये" वगैरे काही ऐकू आलं नव्हतं. मला रोज ऐकू यायचा तो बॉसचा आवाज. त्याच्यापासून पळणं आणि पाचारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माझ्या थोरल्या बहिणीने भांडी घासता घासता सुनावलं. तेव्हा राग आला होता.

मग लूक १४:२८ मधला बुरूज घेतला. बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करा, असं साक्षात प्रभूच सांगतो. मी ऑडिटवाली, जन्म दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेला, आणि स्वतःच्या घराला महिन्याला किती लागतं ते मला माहीत नव्हतं! तीन महिने बारीकसारीक लिहून काढलं. विमा, फी, दुरुस्त्या असे वर्षातून एकदाच येणारे खर्च १२ ने भागून त्यात मिळवले. आकडा माझ्या अंदाजाच्या दीडपट निघाला. त्या आकड्याचे ९ महिने बाजूला पडल्यावर राजीनामा दिला. तोवर तीन गिऱ्हाइकं शनिवारच्या वेळेत धरली होती. (त्याआधी नेमणुकीचं पत्र काढून वाचलं. बाहेरचं काम करायला मनाई असते बऱ्याच जणींना, आणि सहीच्या दिवशी ते कोणी वाचत नाही.)

९ पैकी ७ महिने वापरले गेले. विश्वास कमी होता म्हणून हिशेब केला, असं एकीने मला तोंडावर म्हटलं. म्हणू दे.

साबणवाली

दशमांशाबद्दल, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देण्याबद्दल, कोणीच का लिहीत नाही? पगारात सोपं होतं. पगार आला, १० टक्के काढले, पाकिटात घातले, झालं. धंद्यात १० टक्के कशाचे?

मी पहिल्या वर्षी विक्रीवर दिले. मोठ्या मनाने दिले, तक्रार नाही. पण १०० ची विक्री झाली की ६२ तेलं, साचे आणि पुठ्ठ्यात जायचे, १८ पोचवण्यात आणि इतर गोष्टींत. उरले २०. त्यातले १० मी देत होते, म्हणजे माझ्या हिशेबात दशमांश आणि प्रत्यक्षात निम्मी मिळकत. आणि माल भरायला पैसे आणले होते भावाकडून. थोडक्यात मी भावाचे पैसे दानपेटीत टाकत होते, आणि त्याला म्हणत होते, थांब रे, पुढच्या महिन्यात देते.

२ राजे ४ मधली ती विधवा आठवा. शेजाऱ्यांची भांडी मागून आणली, ती तेलाने भरली, आणि पुढे काय करायचं ते विचारायला ती अलीशाकडे गेली. तो म्हणाला तेल विक, आधी कर्ज फेड, मग जे उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं जगा. कर्ज आधी! इतक्या वेळा ऐकलेला उतारा, पण त्यातला क्रम मला कधी दिसला नव्हता.

आता माझा क्रम असा: माल देणारे, मदतनीस बाईचा पगार, भावाचा हप्ता, मग मी स्वतःसाठी ठरवलेली ठराविक रक्कम, आणि दशमांश त्या रकमेवर. वर्षअखेरीस नफा राहिला तर त्यावर वेगळा. हे शास्त्र म्हणून सांगत नाही. माझ्यापुरती घातलेली घडी आहे.

भाषांतराचं काम

मी विक्रीवरच देते. माझ्याकडे माल नाही, खर्च म्हणजे वीज आणि इंटरनेट. तुमच्या जागी असते तर मीही बदललं असतं. पण नफ्यावर देते म्हणणाऱ्या काही जणींचा नफा कागदावर कधी निघतच नाही, तेही बघा.

आधी मनुष्यबळ विभाग, आता पाळणाघर

हे लिहायला मला दोन दिवस लागले.

८ वर्षं मी दुसऱ्यांचे करार लिहिले. शेरा, कलम, मुदत, सगळं तोंडपाठ. आणि माझं स्वतःचं पाळणाघर सुरू केलं ते महिला संघातल्या मैत्रिणीबरोबर, एका ओळीच्या कागदाशिवाय. दोघींनी गुडघे टेकून प्रार्थना केली होती. प्रभूसमोर शब्द दिल्यावर कागद काढणं म्हणजे अविश्वास, असं मीच म्हणाले होते. ती नव्हे, मी.

कोणी किती घातले ते माहीत होतं. एक दिवसभर राबते आणि दुसरी दुपारपर्यंत, तर वाटा कसा, हे बोललो नव्हतो. आणि एकीला मध्येच बाहेर पडायचं झालं तर काय, हा विषय तर अपशकुनासारखा टाळला. दुसऱ्या वर्षी तिच्या घरी आजारपण आलं. तिला तिचे पैसे परत हवे होते, आणि ते पैसे तेव्हा लाकडी पलंग, गाद्या आणि जागेच्या अनामत रकमेच्या रूपात होते. पलंगाचे अर्धे पाय कापून कोणाला देता येत नाहीत. ती चुकीचं मागत नव्हती. मीही देत नाही म्हणत नव्हते. तीन महिने असेच गेले आणि मग बोलणं बंद झालं.

प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्या रांगेत छोट्या पेल्यांचा ट्रे आला. मधल्या दोघी उठून गेल्या होत्या, त्यामुळे तो तिच्या हातून थेट माझ्या हातात. ट्रे जड असतो, दोन्ही हात लागतात. तिने धरून ठेवला, मी पेला उचलला, मग मी धरला, तिने उचलला. पेले एकमेकांवर वाजत होते. कोणाचे हात थरथरत होते, माहीत नाही. एकमेकींकडे बघितलं नाही.

पैसे पुढे ११ हप्त्यांत फिटले. आता ती दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसते, मान हलवते, मीही हलवते.

उत्पत्ती १३ मध्ये अब्राम आणि लोट वेगळे होतात. गुराख्यांची भांडणं लागल्यावर अब्राम सरळ म्हणतो, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. काका-पुतण्या, एकाच देवाचे, तरी हद्द ठरवली. आम्ही ती पहिल्या दिवशी ठरवायला हवी होती, जेव्हा दोघींचा एकमेकींवर जीव होता. आता माझ्याकडे भागीदार नाही, पगारी सहकारी आहे. तिच्याशीही दीड पानाचा करार केला. सही करताना ती जरा दुखावली, मला दिसलं. मी तिला ट्रेची गोष्ट सांगितली.

समारंभांची सजावट

माझी अडचण एकच, रविवार. समारंभ सगळे रविवारी. मी कॅथलिक, शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारच्या बंधनाला चालते, त्यामुळे नियमाने मी बरोबर आहे. फादरांनाही विचारलं. पण रविवारी सकाळी घंटा होते आणि मी शिडीवर चढून फुलं बांधत असते, तेव्हा बरं वाटत नाही. महिन्यातला एक रविवार मी कोणालाच देत नाही. त्या दिवसाचं काम हमखास सगळ्यात मोठं असतं, असं मला वाटतं. नसेलही.

रंग, कागद, बांधणी (वह्या बनवते)

"आपल्याच मंडळीतली ना तू, मग आम्हाला कमी लाव." पहिल्या वर्षी सगळ्यांना कमी लावलं. मग कमी लावणं परवडेना म्हणून बाहेरच्यांना थोडं जास्त लावलं. दोन दरपत्रकं झाली. त्याच सुमारास संडे स्कूलमध्ये मला बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचा २५ वा अध्याय शिकवायचा होता: पिशवीत दोन प्रकारची वजनं ठेवू नकोस, एक मोठं आणि एक लहान. मुलांना दाखवायला दोन दगड नेले होते. एका पोराने विचारलं, टीचर, दोन वजनं कशाला ठेवतात? मी सांगितलं, आणि सांगता सांगता कान गरम झाले.

घरी येऊन दर एक केला. द्यायचंच असेल तर पूर्ण बिल करून खाली "भेट" लिहून तेवढी रक्कम वजा करते. गंमत अशी की भेट लिहिलेली दिसल्यावर निम्म्या लोकांनी पूर्ण पैसे दिले. उरलेल्यांनी अजून कमी करता का विचारलं.

परत नोकरीत

मी बंद केलं. माझ्यासारखीला साक्षीला कोणी उभं करत नाही, म्हणून इथे लिहिते.

कंपन्यांसाठी प्रशिक्षणाचं साहित्य करून द्यायचे. दोन वर्षं चाललं. एकूण कामातलं ७० टक्के एकाच गिऱ्हाइकाचं होतं आणि मी त्याला आशीर्वाद समजत होते. कागदावर पैसे ६० दिवसांत यायचे, प्रत्यक्षात ५ महिने लागायला लागले. कागदावर मी नफ्यात होते. घरभाडं मात्र कागदावर भरता येत नाही. उधारीचा तगादा लावायला मला लाज वाटायची. ख्रिस्ती बाईने पैशासाठी किती फोन करायचे? हा प्रश्न मी स्वतःला विचारत बसले तोवर त्या कंपनीने काम दुसरीकडे दिलं.

आणि ते नीतिसूत्रे ३१, सद्गुणी स्त्रीचं वर्णन. मातृदिन आला की तिचा दिवा रात्री मालवत नाही हे आम्हाला वाचून दाखवतात. तीन वचनं आधी तिच्या घरात दासी आहेत, ते कोणी वाचत नाही! माझा दिवाही मालवत नव्हता, कारण मी एकटी होते. पित्ताने हैराण झाले होते.

परत नोकरी धरली तेव्हा एकजण म्हणाल्या, प्रभूची इच्छा नव्हती बहुतेक. असेल. एका गिऱ्हाइकावर अवलंबून राहू नये हेही मला तितक्याच स्पष्टपणे कळलंय. आता पगारावर सुखात आहे. शनिवारी दोन छोटी कामं करते, निम्मे पैसे आधी घेऊन. फोन करायची वेळच येत नाही.

अजून नोकरीतच

सगळं वाचलं. राजीनाम्याचा मजकूर मसुद्यात पडून आहे, तीन आठवडे झाले. नोटीस ६० दिवसांची. मला आधी भीती वाटत होती ती पैशांची, आता कळतंय की "आता काय करतेस?" याला उत्तर नसण्याची जास्त आहे. व्यवस्थापक हा शब्द नावामागून गेला की मी कोण? एक साधा प्रश्न: कारण काय लिहायचं? देवाने सांगितलं असं लिहायचं धाडस आहे, पण बॉस हसेल. न लिहिणं म्हणजे नाकारणं होईल का?

धागा काढणारी

नाकारणं कसलं? "वैयक्तिक कारण" लिहा. बॉसने तोंडी विचारलं तर सांगा खुशाल, हसला तर हसू दे. पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा. कंपनीचा आरोग्य विमा कोणत्या तारखेला संपतो ते, कारण स्वतःचा काढल्यावर काही आजारांचा खर्च मिळायला थांबावं लागतं. कंपनीच्या ईमेलवर तुमचं स्वतःचं जे काही आहे ते काढून घ्या. आणि वरच्या ऑडिटवाल्या ताईंनी सांगितलेला महिन्याचा आकडा. तो काढलाय का? काढला असेल तर किती महिने बाजूला आहेत ते इथेच लिहा.

अजून नोकरीतच

४. साडेचार, पुढचा पगार धरून.

आधी ऑडिट, आता छोट्या दुकानांचे हिशेब

मसुदा राहू द्या मसुद्यात. शनिवारी काय करता?