पीआरचं प्रोजेक्ट की सरकारी जाहिरात? मास्कॉमवाल्यांनो जरा सांगा

मास्कॉम_पार्ट२:
नमस्कार मंडळी, एमए मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पीआरच्या, म्हणजे जनसंपर्काच्या पेपरला प्रोजेक्ट म्हणून एका सरकारी नळपाणी योजनेची कॅम्पेन करायचीय, पोस्टर, रेडिओ स्पॉट आणि दीड मिनिटाचा व्हिडिओ. शूटला गावात गेलो तर नळ आहे, मीटर आहे, आणि पाइपवर लुगडं वाळत घातलेलं. मावशींना विचारलं पाणी येतं का, तर म्हणाल्या "येतं की, गुरुवारी, आलं तर." आम्ही ते व्हिडिओत ठेवलं, गाईड म्हणाले काढा, मेसेज पॉझिटिव्ह पाहिजे. मग मार्कांचा तक्ता नीट बघितला, सकारात्मक मांडणीला १० मार्क, आणि सांगितलेलं खरं आहे का याला एकही नाही! हा लोकसंवाद झाला की प्रोपगंडा? विद्यापीठाने रेघ नक्की कुठे मारायची? का मीच उगाच ताणतोय?

एजन्सीवाला:
ताणतोयस भावा. बातमी करायची होती तर जर्नलिझम घ्यायचं होतं. पीआरमध्ये क्लायंटची बाजूच मांडतात, त्यात लाजायचं काय. आधी काम शिकून घे, बाकी चर्चा नोकरी लागल्यावर.

निवृत्त_मास्तरीण:
एजन्सीवाले, इतकं सोपं नाहीये हो ते. हा विषय कॉलेजात आलाच मुळी प्रचाराच्या दारातून. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने १९१७ ला क्रील कमिटी काढली, लोकांना युद्धासाठी तयार करायला, त्यात एडवर्ड बर्नेज होता आणि त्यानेच १९२३ ला न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत पीआरचा वर्ग घेतला. १९२९ ला याच गृहस्थाने ईस्टरच्या मिरवणुकीत बायकांना सिगारेटी ओढायला लावल्या, स्वातंत्र्याच्या मशाली म्हणून, पेपरांनी ती बातमी म्हणून छापली आणि पैसे होते अमेरिकन टोबॅको कंपनीचे. पुढे विल्बर श्राम नावाच्या प्राध्यापकाने अमेरिकेतच आयोवा आणि इलिनॉयला मास कम्युनिकेशन हा विषय विद्यापीठात रुजवला, तोही दुसऱ्या महायुद्धात सरकारच्या युद्ध माहिती खात्यात काम करून आलेला. आपल्याकडे दिल्लीची आयआयएमसी, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन, १९६५ ची, माहिती व प्रसारण मंत्रालयाची, तिथे पत्रकारही घडतात आणि सरकारी माहिती सेवेतले अधिकारीही. त्यात वाईट काही नाही, पण वर्गात हे सांगायला तर पाहिजे ना. माझ्या मते पहिली रेघ इथे, पैसे कोणाचे हे लपवलं की तो प्रोपगंडा.

फील्डवर्कर_मेघा:
मॅडम आदरपूर्वक असहमत. या मुलाच्या प्रोजेक्टवर सरकारचं नाव ढळढळीत आहे, तरी गडबड आहेच की. आणीबाणीतल्या नसबंदीच्या पोस्टरांवर पण सरकारचंच नाव होतं, आपल्या विधिमंडळाने तर १९७६ ला सक्तीच्या नसबंदीचं विधेयक पास केलं होतं, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून वाचलो. मी आरोग्य संवादात काम करते, आमच्यात पोलिओचं उदाहरण नेहमी निघतं. टीव्हीवर अमिताभ ओरडून ओरडून सांगत होता तरी पश्चिम यूपीत काही वस्त्यांमध्ये आया दार लावून घ्यायच्या, डोसाने मूल पुढे नपुंसक होतं म्हणून, आणि ही भीती हवेतून नव्हती आली, नसबंदी लोक विसरले नव्हते. २००२ ला देशात जवळपास १६०० केसेस झाल्या. मग त्याच वस्तीतल्या बाया घरोघर पाठवल्या, मौलवींना सोबत घेतलं, आणि मुख्य म्हणजे लोक म्हणायला लागले पोलिओचं सोडा, आमच्या गटाराचं आणि जुलाबाचं काय, तर ते पण ऐकून कामात घेतलं. जानेवारी २०११ ला हावड्यात शेवटची केस, २०१४ ला देश पोलिओमुक्त. तेव्हा समोरच्याने उलट विचारलं तर तुमच्या कॅम्पेनमध्ये काही बदलतं का ते बघा. तुझ्या गाईडनी मावशींचं वाक्य कापलं ना, कॅम्पेन तिथेच मेली.

कट्ट्यावरचा_बाळ्या:
आणि डिसेंबर २०२३ चं विसरू नका, यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सगळ्या विद्यापीठांना पत्र काढलं सेल्फी पॉइंट उभारा, डिझाइनमध्ये पंतप्रधानांचा फोटो. याला कुठला पेपर लावणार, पीआर का एनएसएस? 😂

निवृत्त_मास्तरीण:
मेघा, मान्य, माझी कसोटी अर्धीच पुरते. पण विद्यापीठात अजून एक भानगड आहे, इथे क्लायंट आणि परीक्षक एकच होऊन बसलेत. खऱ्या बाजारात निदान कॅम्पेन आपटली तर कळतं. इथे मुलगा योजना जितकी गोड दाखवेल तितके मार्क, लोकांना काय कळलं हे कोणी मोजतच नाही. बाळ्या, तुझा सेल्फी पॉइंट वर्गात चिरफाड करायला उत्तम विषय आहे, फक्त तेवढी मोकळीक असलेलं डिपार्टमेंट शोधून दे.

मास्कॉम_पार्ट२:
हे सगळं पटतंय पण गाईडना जाऊन हे सांगितलं तर माझी इंटर्नल गेलीच समजा. मधला मार्ग सांगा ना कोणीतरी, सबमिशन डोक्यावर आहे.

एजन्सीवाला:
आता धंद्यातलं सांगतो. कुठलीही बरी एजन्सी स्पॉट लावायच्या आधी प्री-टेस्ट करते, गावातल्या दहाबारा जणांना ऐकवायचं, काय समजलं, कुठे हसले, कुठे "काहीही सांगता" म्हणाले ते लिहून घ्यायचं. ज्या गावात पाणी गुरुवारी येतं तिथे "रोज घरात पाणी" वाजवलं तर लोक क्लायंटलाच शिव्या घालतात, म्हणून हे क्लायंट पैसे देऊन करून घेतो. तू व्हिडिओ गाईड म्हणतात तसा दे आणि रिपोर्टमध्ये प्री-टेस्टचं वेगळं प्रकरण टाक, त्यात मावशींचं वाक्य जसंच्या तसं, नाव न देता. संशोधन पद्धत म्हटल्यावर गाईडना कापायला अवघड जाईल. सोबत दुसरी स्क्रिप्ट जोड, पाण्याचा वार आणि वेळ सांगणारी, पाणी नाही आलं तर ग्रामपंचायतीत कोणाकडे जायचं ते सांगणारी. व्हायवाला एक्स्टर्नल तीच उघडून विचारेल बघ.

फील्डवर्कर_मेघा:
हे बेस्ट. फक्त प्री-टेस्ट खरंच कर हं, घरी बसून भरू नकोस.