वीस पाच की पंचवीस? दुसरीच्या वर्गातला जुना वाद

खडूफळा:
२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ असंही वाचन दिलेलं पाहून गदारोळ उठला. मग फडणवीसांना ‘फडण दोन शून्य’ म्हणायचं का, इथवर विधानसभेत विनोद झाले. जुनं काढलेलं नाही, सोबत नवं दिलंय, असं बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या. बाई २०२३ मध्ये गेल्या. वाद काही गेला नाही, परवा आमच्या पालकसभेत पुन्हा निघाला.

मी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते आणि मी ‘वीस पाच’च्या बाजूची आहे. पाटीवर ‘पंचवीस’ लिहा म्हटलं की काही मुलं ५ लिहून पुढे २ काढतात, झाले ५२. कानावर पडलं त्या क्रमाने लिहिलं, त्यांचं काय चुकलं? काही चलाख पोरं ५ लिहिताना डावीकडे जागा सोडतात आणि मग तिथे २ बसवतात. उत्तर बरोबर, त्यामुळे आपल्याला पत्ताच लागत नाही. पुढे ‘एकशे पंचवीस’ सांगितलं की तीच अडकतात. १ लिहून झाला, आता ५ कुठे टाकायचा?

आडकित्ता:
पटलं नाही. आमच्या चार पिढ्या पंचवीस म्हणतच हिशोब शिकल्या. मंडईत कोण ‘सत्तर दोन रुपये’ म्हणणार आहे? पोराला बाहेर बहात्तरच ऐकायचंय. म्हणजे एकाच संख्येची दोन नावं त्याच्या डोक्यावर लादायची आणि वर म्हणायचं, ओझं कमी केलं! शिवाय पाढ्यांचं काय? ‘आठ नवे बहात्तर’ जिभेवर बसतं. ‘आठ नवे सत्तर दोन’ एकदा मोठ्याने म्हणून बघा.

सीमेपलीकडून:
आम्ही बेळगावचे. घरात पंचवीस, कन्नडच्या तासाला इप्पत्तैदु, म्हणजे आधी वीस (इप्पत्तु) आणि मग पाच (ऐदु). लिहायचा क्रम तोच, बोलायचा क्रम तोच. माझी मुलगी शाळेत मराठीतून गणित करते, पण संख्या मनात कन्नडमधून लावून घेते, हे मला फार उशिरा कळलं. खडूफळाताईंना अनुमोदन.

श्टुटगार्टकर:
आडकित्तांच्या बाजूने एक. जर्मनमध्येही एकक आधी, ‘पाच आणि वीस’ असंच म्हणतात. इथलीही मुलं सुरुवातीला अंक उलटे लिहितात, शिक्षकांना ते ठाऊक असतं, सराव करून घेतात. त्यासाठी कोणी संख्यांची नावं बदललेली नाहीत. मोटारी बऱ्या बनवतात म्हणे.

खडूफळा:
जवळच्याच नॉर्वेने बदलली की! तिथेही ‘पाच आणि वीस’ होतं. १९५१ मध्ये सरकारी निर्णयाने ‘वीस-पाच’ केलं, शाळांत तेच शिकवतात.

श्टुटगार्टकर:
आणि बोलण्यात जुनं अजून ऐकू येतं. सत्तर वर्षं झाली, फर्मान काढून भाषा पूर्ण वळली नाही. हाच तर आमचा मुद्दा.

बिनचूक:
जर्मनची तुलना इथे लागू नाही. तिथे क्रम उलटा असला तरी नियम एकच आहे. आपल्याकडे नुसत्या दोनाची रूपं बघा: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी. नऊचा प्रकार त्याहून भारी. एकोणतीसपासून एकोणऐंशीपर्यंत पुढच्या दशकातून एक वजा, आणि मग अचानक नव्याऐंशी आणि नव्याण्णव! ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहिणारं मूल ढ नसतं, त्याला ‘साठ’ ऐकू आलेलं असतं. शंभरापर्यंत जवळपास प्रत्येक नाव सुटं पाठ करावं लागतं. ते करायला सहा-सात वर्षांच्या मुलाला वेळ द्या, एवढंच मागणं आहे.

निवृत्त गुरुजी:
दोन्ही पक्ष नावांत अडकलेत. आम्ही दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबराने बांधून द्यायचो. ‘पंचवीस आण’ म्हटलं की पोरगं दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या आणायचं. पंचवीसातून आठ वजा करताना सुट्या पुरत नाहीत, मग एका गठ्ठ्याचं रबर सोडायचं. तिथे दशक मोडणं हाताला कळतं. ते झालं की तुम्ही पंचवीस म्हणा नाहीतर वीस पाच.

खडूफळा:
गुरुजी, गठ्ठे आहेतच, मणीमाळही आहे. पण गठ्ठे आणून झाले की मूल तोंडाने काय म्हणतं? ‘दोन दशक, पाच सुटे.’ तिथून ‘वीस पाच’ एका पावलावर आहे.

आडकित्ता:
आज वीस पाच, उद्या एकोणऐंशी कोणाला कळणार नाही. आताच बघा, ‘एकोणऐंशी रुपये’ म्हटलं की पोरं विचारतात, म्हणजे सेव्हन्टी नाइन का?

बिनचूक:
ती पोरं ‘वीस पाच’मुळे तशी झाली का? ती इंग्रजी माध्यमातली आहेत. २०१९ मध्ये संस्कृती बुडाली म्हणून ओरडणाऱ्या किती जणांची नातवंडं मराठी शाळेत होती, तेही कोणीतरी विचारा.

आडकित्ता:
माझा नातू मराठी शाळेतच आहे. टोमणे राहू द्या.

नवी आई:
मधे पडते, माफ करा. मुलगा आत्ता दुसरीत आहे. घरी नेमकं काय म्हणू?

खडूफळा:
दोन्ही म्हणा, एका दमात. ‘वीस पाच, पंचवीस.’ दहाच्या दोन नोटा आणि एकेक रुपयाची पाच नाणी समोर ठेवून. एकोणतीस, एकोणचाळीस मात्र सावकाश घ्या, तिथे घाई केली की गोंधळ दिवाळीपर्यंत पुरतो.

आडकित्ता:
पण अक्षरी लिहायची वेळ आली की ‘पंचवीस’च लिहायचं ना? मग हा वळसा कशाला?

खडूफळा:
लिहायचंच. पण त्याआधी मला पाटीवर २५ आणि ५२ वेगळे झालेले हवेत. तुमच्या नातवाला आज ‘त्रेसष्ट’ लिहायला सांगून बघा आणि तो आधी कुठला अंक काढतो ते इथे कळवा.