किल्टच्या कडेला ती रिबनची पट्टी कशाची?

रंगकुंचला: मंडळी एक शंका आहे. मी ५४ मिमीचे लष्करी पुतळे रंगवतो, सध्या आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या स्कॉटिश रेजिमेंटचा सार्जंट चालू आहे, साधारण १९०० च्या आसपासचा. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत किल्टच्या (स्कॉटिश पुरुषांच्या चुणीदार घागऱ्याच्या) पुढच्या पदराच्या कडेला रिबन शिवल्यासारखं काहीतरी दिसतंय, पण त्याच रेजिमेंटच्या साध्या शिपायाच्या किल्टवर ते अजिबात नाहीये. हे काय असतं, रंग कोणता द्यायचा, आणि नुसती शोभा आहे की काही अर्थ पण आहे?

धागादोरा: अर्थ आहे, आणि तुझं निरीक्षण एकदम बरोबर. आर्गाइल्समध्ये अधिकारी आणि सार्जंट यांच्याच किल्टला गडद हिरव्या सिल्कचं पॅनेल असायचं, म्हणजे बघताक्षणी हुद्दा कळतो. पूर्वी किल्टचा वरचा पदर बाजूला रिबनने बांधायचे, मग बकल-पट्टे आले, बांधायची गरज संपली पण रिबन सजावट म्हणून राहिली असं सांगतात. काही हायलँड रेजिमेंट्सच्या अधिकाऱ्यांच्या किल्टवर रिबनची फुलं म्हणजे रोझेट दिसतात, त्यांचंही मूळ तेच मानतात.

रंगवताना बाजू सांभाळ हां. पदराची मोकळी कड घालणाऱ्याच्या उजवीकडे येते, म्हणजे आपण समोरून बघतो तेव्हा डावीकडे. पॅनेल तिथेच.

जुनीपदकं: आणि स्पोरन (किल्टवर पुढे लटकणारी पिशवी) विसरू नकोस!! सार्जंटचा स्पोरन बॅजरच्या डोक्याचा, शिपायाचा सहा पांढऱ्या गोंड्यांचा, त्यामुळे पॅनेल रंगवलं आणि पुढे शिपायाचा स्पोरन लटकवला तर जाणकार माणूस लगेच बोट ठेवेल. फोटो खरंच आर्गाइल्सचाच आहे ना हे पण बघून घे, कारण ब्लॅक वॉच या दुसऱ्या स्कॉटिश रेजिमेंटचा टार्टन (किल्टचं चौकटींचं कापड) पण तोच, गव्हर्नमेंट टार्टन, फक्त आर्गाइल्सची छटा उजळ, आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ते काय कळणार. टोपी बघ. ग्लेनगॅरी टोपीवर चौकड्यांची पट्टी असेल तर आर्गाइल्स (लाल-पांढरी रंगव), ब्लॅक वॉचची ग्लेनगॅरी साधी गडद निळी.

सुईवाली: टोपीकडे बघतोच आहेस तर बॅजमागचं काळं सिल्कचं रोझेट पण बघ, मला सगळ्या रिबनमध्ये ते सगळ्यात बोलकं वाटतं. १७४५ च्या बंडात जॅकोबाइटांची (गादी गेलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या समर्थकांची) खूण पांढरी कॉकेड, म्हणजे टोपीवरचं रिबनचं फूल, होती आणि हॅनोवर राजघराण्याच्या बाजूची काळी. ते बंड मोडणाऱ्या कलोडनच्या लढाईनंतर १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या हायलँड भागातल्या पुरुषांना किल्ट घालायला बंदी आली ती थेट १७८२ पर्यंत, सैन्यात असलेल्यांना मात्र सूट, म्हणजे तेवढी वर्षं किल्ट उघडपणे घालायचा तर राजाच्या फौजेत जायचं आणि टोपीवर ती काळी खूण मिरवायची. हे कळल्यापासून मला ते रोझेट नुसतं फूल म्हणून बघताच येत नाही.

गुडघ्याखाली मोज्याच्या दुमडीतून रिबनची टोकं लोंबतात ती पण राहू देऊ नकोस, आधी लांब विणलेली पट्टी गुंडाळून गाठ मारायचे त्याची ती टोकं, पायाच्या बाहेरच्या बाजूला येतात.

रंगकुंचला: भारी माहिती, मनापासून आभार! टोपीवर चौकड्या आहेत, स्पोरन पण बॅजरचा आहे, म्हणजे सार्जंट पक्का. याच रेजिमेंटचा १९१६ चा खंदकातला सार्जंट केला तर हिरवं पॅनेल तसंच ठेवायचं का?

धागादोरा: खंदकात किल्टवरून खाकी कापडाचा अ‍ॅप्रन बांधायचे, टार्टन लांबून उठून दिसू नये आणि चिखल लागू नये म्हणून. समोरून पूर्ण झाकणारा अ‍ॅप्रन असेल तर पॅनेल दिसणारच नाही, सरळ खाकी मार आणि मागच्या चुण्यांवर टार्टन दाखव.