युद्ध चालू असताना निघालेला युद्धपट पोरांना दाखवावा का?

प्रश्न (खानापूर): वाचनालयात कॉलेजच्या पोरांना अमेरिकी नट जॉन वेनचा १९६८ चा 'द ग्रीन बेरेट्स' हा सिनेमा दाखवावा म्हणतोय. व्हिएतनाममध्ये लढाई पेटलेली असतानाच तो आला. काहीजण नको म्हणतात. तुमचं काय मत?

निपाणी: दाखवा. पण अमेरिकी लष्करानं त्याला मदत केली होती, हे आधी सांगा. शूटिंग अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात, फोर्ट बेनिंग या लष्करी तळावर झालंय.

बेळगाव: माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. लढाईचा विषय निघाला की ते उठून परड्यात जायचे. म्हणून या सिनेमाचा मला फार राग येतो. त्यात शंका घेणारा पत्रकार शेवटी सैन्याच्या बाजूचा होतो. खऱ्या जगात उलटं चाललं होतं. त्याच वर्षी जानेवारीअखेर टेटचा हल्ला झाला, म्हणजे टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात कम्युनिस्ट फौजांनी दक्षिण व्हिएतनामभर हल्ले केले, आणि सरकारच्या शब्दावरचा अमेरिकी लोकांचा विश्वास ढासळला. तिकडं पोरं मरत होती ओ! सैनिकाचा मान राखायचा तर त्याला प्रचाराला जुंपू नये. तरी दाखवाच, आणि नंतर तासभर बोलू द्या पोरांना.

खानापूर: काका, मग तुम्हीच या की बोलायला. गाडी पाठवतो.

बेळगाव: येतो. एसटीनं येईन.