अनुभव धागा: ‘पाच वर्षांनंतर’ या एका ओळीत काय काय असतं?

अबोली

गेली दोन वर्षं मी एक शृंगारकथा क्रमशः वाचते आहे. सुरुवातीचे भाग त्या दोघांच्या जवळिकीचे, मग भांडण, मग ताटातूट. आणि पुढचा भाग उघडला तर पहिलीच ओळ: ‘पाच वर्षांनंतर.’ ती स्वतःच्या पायावर उभी, तो निवलेला. दोघांची गाठ पडते आणि पुन्हा तो शृंगार. लेखिकेने तो सुंदर लिहिलाय आणि मी तो आवडीने वाचते. पण त्या एका ओळीवर मी अडून बसले. ती पाच वर्षं कुठे गेली? ती दोघं सकाळी उठून काय करत होती?

म्हणून हा धागा. प्रेम तुटल्यावर मधली वर्षं कशी गेली, ते लिहा. मनाचं लिहा, पण अंगाचंही लिहा. प्रेमभंग म्हटलं की आपल्याकडे मनाबद्दल खूप बोलतात. शरीराला लागलेली माणसाची सवय कशी सुटते, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. ते माणूस परत भेटलं असेल तर लिहा, नसेल भेटलं तरी लिहा. फक्त ओळख पटेल असं काही नको.

माझ्यापासून सुरू करते. सहा वर्षांचं नातं २०१६च्या पावसाळ्यात संपलं. त्याची बुलेट होती. गल्लीच्या तोंडाशी ती धडधड ऐकू आली की मी केस बांधायला घ्यायचे, कारण मागे बसल्यावर ते त्याच्या तोंडावर उडायचे. नातं संपल्यावर पुढची दोन वर्षं पुण्यात कुठेही तो आवाज आला की पोटात खड्डा पडायचा आणि हात केसांकडे जायचा. मन केव्हाच ‘झालं ते बरं झालं’ म्हणत होतं. हात ऐकत नव्हता.

२०१८च्या डिसेंबरात मैत्रिणीच्या भावाकडून मी तीच गाडी चालवायला शिकले. पावणेदोनशे किलोंच्या वर वजन. मेन स्टँडवर चढवताना पहिले आठ दिवस रडकुंडीला आले. ताम्हिणी घाटात पहिल्यांदा एकटी गेले त्या सकाळी, मुळशीच्या पाण्यावर धुकं होतं तेव्हा लक्षात आलं, की तो आवाज आता गल्लीच्या तोंडाकडून येत नाही, माझ्या अंगाखालून येतोय. केस मी त्या दिवशी बांधले नव्हते. तो पुन्हा भेटला नाही.

डोंबिवलीकर

आमचं सगळं लोकलमध्ये जमलं आणि लोकलमध्येच मोडलं. सकाळची फास्ट, पुलाखाली ठरलेली जागा, तिच्या डब्याची आणि माझ्या डब्याची मधली जाळी. तिने घरच्यांचं ऐकून लग्न ठरवलं ते जाळीतूनच सांगितलं, कारण समोरासमोर सांगायचा तिला धीर नव्हता. ठाण्यापासून दादरपर्यंत मी उभा होतो. उतरलो कसा ते आठवत नाही.

त्यानंतर मी स्लो पकडायला लागलो. रोज पाऊण तास जास्त गेला तरी चालेल, पण ती जाळी नको. त्या स्लोमध्ये एक भजनी मंडळ होतं. महिनाभर नुसता ऐकत उभा राहिलो. एक दिवस एका काकांनी काही न विचारता हातात टाळ दिले. गर्दीत चारी बाजूंनी माणसं चिकटलेली असतात आणि तरी कुणाचा स्पर्श नसतो, हे डोंबिवलीकराला सांगायला नको. टाळ वाजवताना मात्र शेजारच्याचा खांदा माझ्या खांद्याबरोबर हलायचा. त्या खांद्याने मला जगवलं, असं मी म्हणतो. याला अकरा वर्षं झाली. आता मी नव्या माणसाच्या हातात टाळ देतो.

मिरामार

गोव्यात लग्नाची नोंद करायची तर निबंधकाकडे दोनदा सही लागते. आधी लग्नाचा इरादा जाहीर करायचा, मग काही दिवसांनी पक्की सही. आमची पहिली झाली होती. घरात साड्या आल्या होत्या. दुसऱ्या सहीच्या चार दिवस आधी तो म्हणाला, माझ्याकडून होणार नाही.

माझं शरीर गोठलं होतं, दुसरा शब्द नाही. कुणी जवळ घेतलं तरी अंग लाकडासारखं. कांपालच्या तलावावर एकतीसाव्या वर्षी पोहायला शिकले. बाई पाठीखाली हात धरून म्हणायच्या, ‘सोड गो, आंग सोड.’ तीन आठवडे लागले अंग सोडायला. ज्या सकाळी त्यांनी हात काढून घेतला आणि मी पाण्यावर तशीच राहिले, त्या सकाळी खूप रडले. पाण्यात रडलेलं कुणाला कळत नाही.

वैदर्भी

अबोली, लांबेल, पण पूर्ण लिहिते.

आमचं प्रेमलग्न. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून एकत्र. तेव्हा अंबाझरीच्या तलावावर नुसता हात हातात घ्यायला मिळाला तरी रात्री झोप येत नसे. लग्नानंतर चौथ्या वर्षी मूल होत नाही म्हणून डॉक्टर सुरू झाले. ज्या यातून गेल्यात त्यांना माहीत आहे. पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी, बीज किती मिलिमीटरचं झालं त्याची नोंद, अठरा-वीसच्या घरात गेलं की इंजेक्शन आणि मग सांगितलं जातं: आज, उद्या, परवा. तीन वर्षं आमचा शृंगार त्या ‘आज, उद्या, परवा’वर चालला. तो ऑफिसातून थकून यायचा, मी दार लावायचे. झालं की मी कमरेखाली उशी घेऊन अर्धा तास छताकडे बघत पडायचे आणि तो पाठ फिरवून मोबाईल बघायचा. भांडण कधीच नव्हतं. इच्छाच मेली होती. दोनदा आयव्हीएफ केलं. दुसरं फसल्याचा फोन आला त्या रात्री तो दुसऱ्या खोलीत झोपला आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणंच मला सगळ्यात जास्त लागलं.

२०१८ मध्ये परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर ती मुदत काही वेळा माफ होते, पण आम्ही ती मागितली नाही. घाई कसली करणार, आमच्यात ओढून तोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

धरमपेठेत भाड्याचं घर घेतलं. पहिलं वर्षभर पाळीचा दहावा दिवस आला की छातीत धडधडायचं. एकटी राहत होते, काही करायचं नव्हतं, कुठे जायचं नव्हतं, तरी. मग एका महिन्यात कॅलेंडरवर तारीख मांडायचीच राहून गेली. मे महिना होता, कूलरला नवा वाळा लावला होता, दुपारी अंघोळ करून तशीच गारव्यात पडले. स्वतःच्या दंडावरून सहज हात फिरला आणि जाणवलं, की कित्येक वर्षांत या शरीराला तपासणीशिवाय कुणी हात लावलेला नाही. मीसुद्धा नाही. त्या दुपारचं पुढचं माझ्यापाशीच ठेवते. पण मी परत आले ती तिथून.

२०२२च्या हिवाळ्यात त्याच्या आईचं ऑपरेशन झालं. मी त्यांना अजूनही आईच म्हणते, बघायला गेले. त्या झोपल्या होत्या. दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्याने तर्री-पोहे आणून दिले आणि म्हणाला, ‘मला तेव्हा वाटायचं, तुला मूल पाहिजे, मी नको.’ मी म्हटलं, ‘मला वाटायचं, तुला दोन्ही नको.’ सात वर्षं आम्ही एका घरात राहिलो आणि हे दोन वाक्यांचं बोलणं पायरीवर झालं.

पाच महिन्यांनी एका रात्री तो माझ्याकडे थांबला. दिवा कुणीच घालवला नाही. त्याने विचारलं, ‘इथे हात ठेवू?’ असं त्याने आधी कधी विचारलं नव्हतं आणि मला काय आवडतं ते मीही कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं. हळू म्हटलं, थांब म्हटलं, परत म्हटलं. त्याच्या मानेवर पांढरे केस आले होते, ते मी ओठांनी मोजले. तो कितवा दिवस होता, ते मला आजही माहीत नाही.

मागच्या वर्षी विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. तीस दिवस आमची नावं फलकावर होती, दोघांपुढेही ‘घटस्फोटित’. कारकुनाने विचारलं, ‘मॅडम, आधीचे पती?’ मी शेजारी बोट दाखवलं.

अबोली

वैदर्भी ताई, दोनदा वाचलं. माझ्या कथेतल्या लेखिकेने ती पाच वर्षं का गाळली, याचा मला आता आणखीच राग येतोय.

पंचगंगा

मी पुरुष, तोही पुरुष. रंकाळ्यावर संध्याकाळी फिरताना दोन मित्र फिरताहेत असंच सगळ्यांना वाटायचं आणि आम्ही ते वाटू दिलं. २०१४ला त्याचं लग्न झालं. मी जेवणावळीत वाढायला होतो. मित्र म्हणून वाढायला नको का?

त्यानंतर मी मुंबईला आलो. चार वर्षं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. लपून भेटण्याचीच सवय लागलेल्या अंगाला उजेडात कसं वागावं तेच कळत नव्हतं. ६ सप्टेंबर २०१८ला न्यायालयाने ३७७ कलमातून आमच्यासारख्यांना सोडवलं, त्या दुपारी त्याचा एका शब्दाचा मेसेज आला: ‘वाचलंस?’ रात्री मी लिहिलं, ‘हो.’ तेवढंच. आम्ही त्यानंतर बोललो नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्ट क्रांती मैदानावरून आमच्यासारख्यांचा मोर्चा निघाला त्यात मी चाललो. अनोळखी मुलाने हात धरला आणि रस्ता संपेपर्यंत सोडला नाही. भर दिवसा, रस्त्याच्या मधोमध. छत्तीस वर्षांच्या आयुष्यातला तो पहिला उघडा हात.

गोदाकाठ

मी ६७ वर्षांची, निवृत्त प्राध्यापिका. इथे लिहावं की नाही, यावर चार दिवस काढले.

एमएला आम्हाला महाराष्ट्री प्राकृत होतं. सातवाहन राजा हालाने संकलित केलेल्या ‘गाथासप्तशती’तल्या शृंगाराच्या गाथा शिकताना आमच्या सरांचे कान लाल व्हायचे आणि ते काही गाथा ‘घरी वाचा’ म्हणायचे. मी घरी वाचल्या. वर्गात शेजारी बसणाऱ्या एका मुलानेही वाचल्या. पुढचं तुम्ही ओळखाल. जात वेगळी होती, त्यामुळे शेवटही ओळखाल.

तो नोकरीला दूर गेला, पत्रं थांबली. तेव्हा मला त्यातलीच एक गाथा सोबतीला होती. नवरा प्रवासाला गेलेली बाई भिंतीवर रेघा ओढून दिवस मोजते आहे. पण ‘आज गेला, आज गेला, आज गेला’ असं म्हणत पहिल्याच दिवसाच्या पूर्वार्धात तिची भिंत भरून जाते. दोन हजार वर्षांच्या आसपासचं हे. इथलं, याच गोदेच्या काठचं. त्या बायका अंगाची ओढ लपवत नाहीत, कुणाची माफी मागत नाहीत. माझी आई मला निर्लज्ज म्हणत असताना त्या माझ्या बाजूने होत्या.

पुढे माझा संसार झाला, नवरा चांगला होता. एमएच्या वर्गाला तीस वर्षं गाथा शिकवल्या. ‘घरी वाचा’ एकदाही म्हटलं नाही.

रिकामी ओसरी

सगळ्यांना काहीतरी सापडलं. मला नाही. चार वर्षं झाली, कल्याणहून रोज जाते-येते, काम करते, जेवते. रात्री अंथरुणाची एक बाजू अजून मोकळी ठेवून झोपते. पोहणं, ट्रेक, समुपदेशन, सगळं केलं. कुणी सल्ला देऊ नका, प्लीज. फक्त इथे माझीही एक नोंद असू दे.

गोदाकाठ

असू दे, बाळा. रेघ ओढून ठेवली तुझी.

डोंबिवलीकर

ताई, सल्ला नाही. कल्याणहून सकाळी साडेसातच्या सुमारास सुटणाऱ्या स्लोमध्ये आमचं मंडळ असतं, बायकांच्या डब्याला लागून. जाळीतून ऐकू येतं. मंगळवारी जरा मोठ्याने म्हणतो.