लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटवर पांढरी बुरशी: काय करावे?

प्रश्न (पंचवटी, नाशिक)
माळा आवरताना आई-वडिलांच्या १९८९ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला व्हीसीआर सापडला. व्हीसीआर सुरू होतो, पण कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरट ठिपके दिसतात. आईच्या आजीचे हलते चित्र या कॅसेटीखेरीज कुठेच नाही, म्हणून लावून पाहण्याचे धाडस होत नाही. काय करावे?

उत्तर, सातपूरहून
लावली नाहीत, हे फार बरे केलेत. ती बुरशी आहे. आपल्याकडचे चार पावसाळे बंद माळ्यावर काढले की ती धरतेच. अशी कॅसेट लावल्यास बुरशी हेडवर, म्हणजे व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या भागावर, जाते आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. व्हीएचएसमध्ये हेड बसवलेला ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्याच्या एका फेऱ्यात चित्राची एक पूर्ण चौकट वाचली जाते, त्यामुळे हेडवर जराशी घाण बसली तरी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतात. मी वीस वर्षे व्हीसीआर दुरुस्त केले. निम्म्या तक्रारी एवढ्याच असत. कॅसेटच्या तळाचे पाच स्क्रू काढून दोन्ही रिळे चांगल्या कवचात बसवता येतात, परंतु त्याआधी टेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडातून सावकाश पुसून घ्यावी लागते. आणखी एक: कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची चिप शाबूत असेल तर ती आधी मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डिंग होणार नाही.

उत्तर, गंगापूर रोडहून
वरील सल्ला योग्य आहे, फक्त हेड पुसताना कापड वर-खाली नेऊ नका. ते स्थिर धरून ड्रम हाताने फिरवा. माझ्या कॅसेटचे एका दुकानदाराने दुरुस्तीच्या नावाखाली दोन तुकडे केले, तेव्हापासून मी हे काम घरीच करतो. टेप चालू लागली की पहिल्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या, कारण व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई २०१६ मध्येच थांबली आणि सुटे भाग आता भंगारातूनच मिळवावे लागतात. (रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीपुरते भाड्याने आणून सगळी आळी जागवण्याचे दिवस आठवले. कॅसेट गुंडाळून न दिल्यास दुकानदार पुढच्या वेळी हमखास ऐकवायचा.)

प्रश्नकर्ता, दोन आठवड्यांनी
कवच बदलले, टेप पुसली, कॅसेट चालली. पणजी सव्वा मिनिट दिसते. डोळ्यांवर आलेला हॅलोजनचा झोत ती पदराने अडवते आणि छायाचित्रकाराला काहीतरी सुनावते. आईने तेवढाच भाग चार वेळा पाहिला. चिप मात्र शाबूत होती. मंगलाष्टके संपता संपता चित्र फाटते आणि सप्तपदीच्या जागी अर्धा तास क्रिकेटचा सामना लागतो. सामना कोणी रेकॉर्ड केला, यावर वडील अद्याप बोललेले नाहीत.