मदत हवी आहे: अशिना घराण्यात भावाला गादी देणं हा नियम होता का?

गोकतुर्क साम्राज्याच्या (मध्य आशियातलं भटक्या तुर्कांचं साम्राज्य) अशिना या राजघराण्याची वंशावळ मांडतोय आणि वारसाहक्कापाशी अडकलोय. बूमिन खागानाने (खागान म्हणजे सम्राट) 552 मध्ये रूरानांचा, म्हणजे आधी स्टेपवर सत्ता असलेल्या भटक्या लोकांचा, पाडाव केला. पुढे त्याची तीन मुलं एकामागून एक गादीवर आली, शेवटचा तास्पार. इथवर भाऊ-भाऊ असा क्रम सरळ दिसतो. पण 581 मध्ये तास्पार वारला तो स्वतःच्या मुलाला डावलून, थोरला भाऊ मुकान याच्या मुलाला वारस नेमून. सरदारांनी त्या मुलाला नाकारलं, कारण त्याची आई हलक्या कुळातली. अखेर सर्वांत थोरल्या भावाचा मुलगा इशबारा खागान झाला, आणि भाऊबंदकी साम्राज्याच्या फाळणीपर्यंत गेली.

दुसऱ्या, म्हणजे सातव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा उभ्या राहिलेल्या गोकतुर्क साम्राज्यातही तेच: इल्तेरिश खागानानंतर धाकटा भाऊ कापागान, आणि 716 मध्ये त्याचा मुलगा इनेल याला मारून इल्तेरिशचा मुलगा कुल तेगीनने आपला भाऊ बिल्गे याला बसवलं.

ओरखोन शिलालेखांचं (मंगोलियातले, या खागानांच्या काळचे तुर्की शिलालेख) इंग्रजी भाषांतर वाचून झालंय. 'धाकटे भाऊ खागान झाले, मुलगे खागान झाले' असं त्यात येतं, पण आधी कोणाचा हक्क हे कळत नाही. चिनी, रशियन येत नाही, त्यामुळे मराठी, हिंदी किंवा इंग्रजीतलंच सुचवा. लांडगिणीची दंतकथा आणि 'अशिना' नावाची व्युत्पत्ती माझ्याकडे आहे, ती नको.

भावानंतर पुतण्या, तोही सर्वांत थोरल्या शाखेतला, हा ठरलेला कायदा होता, की दर वेळी ज्याच्यामागे सरदार आणि घोडदळ तोच खागान?